कीर्तनखिडकीची बखर

॥ श्रीमुरलीधर प्रसन्न ॥

टाळ आधी आणि शब्द मागाहून, ऐकणारा आधी आणि सांगणारा मागाहून, ऐसे स्मरोन प्रारंभ केला. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सर, ते साली एका राज्यात जे वर्तले ते लिहिले आहे. राज्याचे नाव घेत नाही, कारण राज्य लहान, आणि एकाचे नाव घेतले तर शेजारचे राज्य म्हणेल, आमचे का घेतले नाही. चतुःसीमा मात्र सांगणे अगत्य. पूर्वेस श्रीमुरलीधराचे देऊळ, दक्षिणेस शेवग्याचे झाड, पश्चिमेस नगरपालिकेचे गटार, आणि उत्तरेस चुलतबंधूची भिंत. मध्ये धन्याचे राहते घर, आणि मागले अंगास, देवळाच्या सभामंडपास लागून, हातभर बोळ सोडोन एक मुलूख, दोन खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि न्हाणी, ऐसा भाडेकरूस देण्याचा. सारे रण या मुलुखासाठी माजले.

राज्याचे धनी राजश्री नागोपंत. पूर्ववयात सरकारी दवाखान्यात लस टोचण्याच्या कामगिरीवर होते. पेटी काखेस मारून गावोगाव हिंडले, बहुत बाळांचे दंड टोचिले, बहुत पुण्य जोडिले, परंतु पुण्याबरोबर एक दुःखही पदरी आले, ते ऐसे, की पंतांची चाहूल लागताच परगण्यातील यच्चयावत बाळे भोकाड पसरीत. कामगिरीवरून निवृत्त जाहले, सुई ठेविली, पेटी ठेविली, तरी बाळांस ते कोण सांगणार? लग्नात, बारशात, बाजारात, पंत जेथे जात तेथे कोणी ना कोणी रडू लागे आणि आई म्हणे, "नाही हं, ते टोचायला नाही आले." पंत ओशाळे होऊन दुसऱ्या पंगतीस जाऊन बसत. त्यांचा जीव रमे तो एका ठायी, कीर्तनात. देवळात हरिभक्तपरायण दिगंबरबुवा माळेगावकर नित्य सायंकाळी उभे राहत, आणि पंत दुसऱ्या खांबास पाठ लावून बसत. कथा साऱ्या पाठ, तरी दर वेळी नवी. हिरण्यकशिपूने प्रल्हादास कड्यावरून लोटिले, की पंतांचे दोन्ही हात आपसूक पुढे जात, झेलावयास. बाजूचे हसत. बुवा हसत नसत, बुवा म्हणत, "देवाच्या आधी आमचे पंत पोचतात." आणि आरतीचे तबक दिसू लागले, की पंतांचे मुख एवढेसे होई, आणि "एवढ्यात संपलं?" म्हणत वहाणा शोधीत राज्यात परतत.

ऐसियास वैशाखमासी मुलूख रिकामा जाहला. आधीचे भाडेकरू चौघे ब्रह्मचारी, फटाके विकण्याचा उद्योग करीत. ते गेले, आणि जाताना दिवे नेले, दिव्यांचे होल्डर नेले, भिंतीतले खिळे उपटून नेले, आणि न्हाणीचा नळ नेला, तोही पाणी बंद न करिता नेला, तेणेंकरून राज्यात महापूर जाहला, आणि धनीण सौभाग्यवती अंबिकाबाई परकर खोचून, केरसुणी घेऊन, एकट्या पुराशी झुंजल्या. मग ते वर्तमान ऐकून उत्तरेकडून चुलतबंधू राजश्री हरबाजीराव यांची स्वारी आली. मागल्या मुलुखात त्यांचा निम्मा हिस्सा, वडिलार्जित. ते ओल्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि बोलिले, "नागू, तुझा एकेक भाडेकरू म्हणजे नमुना रे. आता माझं ऐक. मी मिरची कांडपाचं मशीन घेतोय. जागा हीच."

पंत पूर्वेकडे बोट करून बोलिले, "दादा, पलीकडे देऊळ आहे."

"मग? देवाला ठसका लागतो का?"

"बुवांना लागतो."

हरबाजीराव हसले, परंतु हटले नाहीत. आणि पंतांस डोळ्यांपुढे दिसो लागले, की भरसभेत द्रौपदी धावा करिते आहे आणि सारी सभा शिंकते आहे, बुवांनी तान घेण्यास मुख उघडले आणि तिखटाचा लोट आत गेला, पेटीवाला डोळे पुसतो, तबलजी नाक पुसतो, आणि हळूहळू मंडळी येईनाशी जाहली, सभामंडप ओस पडला. मग अंबिकाबाई मध्ये पडल्या, त्या राज्याच्या दिवाण, मसलत सारी त्यांची. त्या बोलिल्या, "भावजी, खंडेनवमीपर्यंत वेळ द्या. तोवर सालस कुटुंब राहायला आणलं तर मशीन दुसरीकडे न्या. नाही आणलं तर तुमच्या मशीनला मी स्वतः हळदकुंकू वाहीन." हरबाजीराव म्हणाले, "वहिनी, शब्द तुमचा म्हणून ऐकतो. ह्याचा असता तर ऐकला नसता." येणेप्रमाणे तह जाहला, चहा जाहला, आणि शत्रुपक्षाने दोन वेळा पोहे मागोन घेतले.

मग मुलूख सुधारण्याचा उद्योग मांडिला. पंत म्हणाले, चांगली माणसे यावी तर जागा चांगली पाहिजे, माणूस भिंत बघून माणूस ओळखतो. हुसेनमियां गवंडी यांस बोलाविले, आणि ओल आलेले गिलावे खरवडून काढिले आणि नवे केले, आणि भिंतीस फिक्का पिस्ता रंग दिला, आणि स्वयंपाकास कडाप्प्याचा ओटा बांधिला, तो अंबिकाबाईंनी स्वतः उभे राहून आपल्या कंबरेच्या मापाने बांधविला, कारण पुरुषांनी मापिलेल्या ओट्यावर पोळ्या लाटून त्यांची पाठ आयुष्यभर दुखली होती. आणि न्हाणीस पांढऱ्या फरश्या, आणि नळ नवे, घट्ट बसविलेले, आणि पाणी तापवावयास गीझर, आणि खिडक्यांस डासांची जाळी, आणि मागे कपडे वाळत घालावयास दोरी, आणि दारापुढे तुळस. सर्व जाहले, मुलूख ऐसा शोभला, की अंबिकाबाई म्हणाल्या, "आपणच इकडे येऊ आणि आपलं घर भाड्यानं देऊ." हुसेनमियां हत्यारे गोळा करू लागले. तों पंत पूर्वेच्या भिंतीपाशी उभे राहिले, कान लाविला, मुखावर तेज आले, आणि आज्ञा जाहली, "इथं खिडकी फोडा."

"मालक, पलीकडे बोळ आहे. वारा नाही, उजेड नाही. काय येणार खिडकीतून?"

"कीर्तन येणार!"

हुसेनमियां धन्याकडे पाहत राहिले आणि मग छिन्नी उचलिली. खिडकी जाहली, सभामंडपाच्या जाळीसमोर नेमकी, मध्ये केवळ हातभर बोळ. पंतांनी तीस श्रवणगवाक्ष ऐसे नाव ठेविले. त्यांचे चित्तास आले, की गीझर कोणीही देतो, फरशी कोणीही देतो, परंतु अंथरुणावर पडल्या पडल्या हरिकथा कानी यावी, ऐसे सुख या त्रिभुवनात कोणता घरमालक देतो? आणि आता भाडेकरूंची रीघ लागेल, ऐसा निश्चय मानिला.

भाद्रपदात रीघ लागली हे खरे. प्रथम राजश्री पोतनीस, पतपेढीतील अधिकारी, सपत्नीक आले. पोतनीसबाईंनी ओट्यावर हात फिरविला, नळ सोडून पाहिला, बंद करून पाहिला, गीझर पाहून नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने मान हलविली. मुलूख हाती आलाच होता. तों पंत पुढे सरसावले. "थांबा, थांबा. खरा माल तर पुढंच आहे." आणि श्रवणगवाक्ष उघडिले. "इथून कीर्तन ऐकू येतं."

"कधी असतं?" पोतनीस बोलिले.

"रोज! एक दिवस खाडा नाही."

"आणि आवाज इथवर येतो?"

"येतो म्हणजे? पेटीचा भाता ओढला तर तोही येतो."

"खिडकी लावून घेतली तर?"

"तरी येतो!" पंतांनी त्यांच्या पाठीवर हात ठेविला. "ती काळजीच करू नका."

पोतनीस म्हणाले, घरी विचारून सांगतो. घरची तर शेजारीच उभी होती. पुन्हा ते दिसले नाहीत. मग एक प्राध्यापक व प्राध्यापिका आली, त्यांस ग्रंथ वाचण्यास निवांत जागा पाहिजे होती, पंत म्हणाले, "वाचायचं कशाला, बुवा सगळं सांगतात." तीही गेली. मग एक वकील आले आणि गेले, एक बियाण्याचे व्यापारी आले आणि गेले, आणि जो तो ओट्यावर प्रसन्न, नळावर प्रसन्न, आणि गवाक्ष उघडताच त्यास कोठे तरी काम आठवे. पंत विचारांत पडले. एक दिवस जेवता जेवता हात थांबला आणि बोलिले, "कळलं! खिडकी लहान झाली."

दुसरे दिवशी हुसेनमियां यांस बोलावून गवाक्ष दुप्पट केले. हुसेनमियां म्हणाले, "मालक, आता ह्याच्यापुढं वाढवली तर बुवाच आत येतील." पंत म्हणाले, "येऊ देत की! चहा देऊ." आणि भाडेकरू दुप्पट वेगाने पळो लागले.

पितृपक्ष सरला, घट बसले, आणि उत्तरेच्या भिंतीपलीकडे टेंपोतून एक लोखंडी धूड उतरले, ताडपत्रीत गुंडाळलेले. ते पाहून अंबिकाबाईंनी धन्यास ओसरीवर बसविले आणि मसलत केली. "अहो, एक सांगते, रागावू नका. लोकांना ती खिडकी नको आहे."

"खिडकी नको? का?"

"दिवसभर राबून आलेला माणूस. त्याला शांतता हवी असते."

"अगं, शांततेसाठीच तर कीर्तन!"

"ती तुमची शांतता. तिच्यात झांज असते." मग अंबिकाबाई हळू जाहल्या. "ती बुजवा. माणसं सकाळच्या वेळी दाखवायला आणू. आणि कुणी विचारलंच, तर म्हणायचं, असतं कधीमधी."

पंत उठोन श्रवणगवाक्षापाशी गेले. जन्मात असत्य बोलिले ते एकच, "दुखणार नाही हं, मुंगी चावेल." त्याचे शासन अद्याप भोगीत होते. आता हे दुसरे. परंतु चित्तास ऐसे आले, की खिडकी बुजली तर खिडकीच जाईल, मशीन आले तर कीर्तनच जाईल. जेणे कीर्तन वाचेल ते करावे, खिडकीवर जीव असला तरी करावे. मग अष्टमीचे दिवशी हुसेनमियां विटा घेऊन आले. "आधी फोड म्हणालात, मग अजून फोड म्हणालात, आता बुजव म्हणता. मालक, भिंतीलाही जीव असतो." एकेक वीट बसो लागली आणि पंत दुसरीकडे पाहो लागले. गवाक्ष निम्मे बुजले, दिवस कलला, आणि हुसेनमियां चहास म्हणून गेले.

तों दारी स्वारी आली. आगाऊ वर्दी नाही, काही नाही. पुढे राजश्री विश्राम सोनटक्के, वीज खात्यात तारा जोडण्याचे काम करणारे, मागे पत्नी वैजयंतीबाई, शाळेत शिकविणाऱ्या, आणि त्यांचे खांद्यावर कन्यारत्न रेवाबाईसाहेब, वय वर्षाच्या आत. या रेवाबाईसाहेबांचा पराक्रम काय वर्णावा! दिवसा हसत, परंतु सांज जाहली, की जी गर्जना मांडीत, ती वैद्य जाहले, गुटी जाहली, दृष्ट काढणे जाहले, तरी आवरेना. तीन घरमालक त्या गर्जनेने शरण आले आणि तिन्ही ठिकाणी बिऱ्हाडच उठवावे लागले. दारातच वैजयंतीबाई बोलिल्या, डोळे भरलेले, "आजी, आधीच सांगते, ही रडते. फार रडते. पहिल्यांदा सांगितलं नाही की मागून लोक बोलतात." आणि यापुढले बोलणे कोणास ऐकू आले नाही, कारण रेवाबाईसाहेबांची दृष्टी पंतांवर पडली होती.

पंत भिंतीआड सरकले. अंबिकाबाईंनी आकाशाकडे पाहिले, कीर्तनाची वेळ होत आली होती, आणि माणसे तर सालस दिसत होती, जी आपला दोष दारातच सांगतात. मग धावपळ उडाली. "हा ओटा! हा नळ! हा गीझर! ही जाळी, डास नाहीत! ही दोरी! आवडलं? मग या आता उद्या सकाळी!" ऐसे म्हणत अंबिकाबाई त्यांस एका दाराने आत घेत आणि दुसऱ्याने बाहेर काढीत होत्या, रेवाबाईसाहेब गर्जत होत्या, तुळशीवरच्या चिमण्या उडाल्या होत्या. तों पलीकडे पेटीचा भाता ओढला गेला. पंतांस तो ऐकू आला. ते धावत जाऊन अर्ध्या बुजलेल्या गवाक्षास पाठ लावून उभे राहिले, उपरणे दोन्ही हातांनी पसरिले, जणू खिंड अडवून एकटा वीर उभा. परंतु उपरण्याने सूर अडतो काय? बुवांनी नमन आरंभिले. भरदार, खर्जातला, सांजवातीच्या उजेडासारखा सूर पंतांच्या दोन्ही काखांखालून आत आला.

आणि खोलीत एकाएकी सामसूम जाहली.

पंतांनी डोळे घट्ट मिटले होते. मनी म्हणाले, संपले. हे कुटुंबही गेले. आता मिरची. वैजयंतीबाई कुजबुजल्या, "हे काय आहे?"

"हे ना?" पंतांनी डोळे न उघडता पढविलेले बोलून टाकिले. "कीर्तन. पण अगदी क्वचित हो. वर्षातून एखाद वेळ."

"फारच क्वचित," अंबिकाबाईंनी पुस्ती जोडिली.

"असं होय," सोनटक्के बोलिले, आणि त्यांचा सूर ऐसा पडला, की पंतांनी डोळे उघडिले. तों पाहतात काय, रेवाबाईसाहेब आईच्या खांद्यावर मान टाकून, ओठ किंचित उघडे, गाढ झोपल्या होत्या. वैजयंतीबाई हलत नव्हत्या, श्वासही बेताने घेत होत्या, आणि गालांवरून पाणी वाहत होते. "कधी नाही हो झोपत अशी. मला वाटलं, हे रोज असेल तर..."

पंतांनी अंबिकाबाईंकडे पाहिले. अंबिकाबाईंनी कपाळास हात लाविला. "अहो, बघता काय! सांगा ना, रोज असतं म्हणून!"

"मघाशी तूच म्हणालीस..."

"मघाचं मघाशी!"

मग काय वर्णावे! पंतांच्या मुखातून बांध फुटावा तैसे सत्य बाहेर पडले. "रोज! रोज असतं! एक दिवस खाडा नाही! खिडकी लावली तरी ऐकू येतं!" आणि हे सारे ते ओरडत नव्हते, बाळ उठेल म्हणोन कुजबुजत होते, आणि कुजबुजत कुजबुजतच मागे वळून ओल्या चुन्यातल्या विटा दोन्ही हातांनी उपसून काढीत होते. हुसेनमियां चहा घेऊन परतले, दारात उभे राहिले, तो प्रकार पाहिला, आणि काही न विचारिता चुन्याचे घमेले उचलून बाहेर नेले. जाताना एवढेच पुटपुटले, "पुढल्या वेळी मी चौकटच बसवतो, वीट नको."

खंडेनवमीचे सकाळी हरबाजीरावांची स्वारी मापाची टेप, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली. तों मुलुखात गाद्या, डबे, पाळणा, आणि पाळण्यात रेवाबाईसाहेब. हरबाजीरावांनी कमरेवर हात ठेविले. "आणलंस होय कुटुंब, नागू? आणि म्हणे ही पोर रात्र रात्र रडते?"

"रडायची," अंबिकाबाई बोलिल्या. "काल नाही रडली."

"सालस कुटुंब म्हणाला होतात, वहिनी."

"मग? तुमच्या मशीनपेक्षा आवाज कमीच आहे की."

हरबाजीराव पाळण्यावर वाकले, दरडावून पाहो लागले, तों रेवाबाईसाहेबांनी त्यांची मिशी मुठीत धरिली आणि हसल्या. शत्रू जागीच गारद जाहला. सुटका करून घेण्याची घाई मात्र त्यांनी केली नाही. मग मशीनासाठी आणलेला नारळ त्यांनी नव्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यावर फोडिला, खोबरे सर्वांस वाटिले, आणि मशीन बाजारामागे गोदामात नेले. तेथे ते उत्तम चालते, आणि शिंका येतात त्या तेथल्या तेथेच राहतात.

परंतु कथा येथे राहिली नाही. रेवाबाईसाहेबांस बुवांचे गाणे मानवले, निरूपण मानवले नाही. पूर्वरंगी बुवा शास्त्रार्थ लांबवू लागले, की गवाक्षातून एक हुंकार येई, आणखी लांबविला, की गर्जना येई, आणि बुवांनी घाईने पद धरिले, की शांत. आरंभी बुवांस राग आला, चार श्रोत्यांत म्हणालेही, "आता कीर्तन आम्ही करायचं की त्या पोरीनं?" परंतु मंडळी गालात हसो लागली, कारण कित्येक वर्षे जे श्रोत्यांच्या मनात होते आणि कोणी बुवांस सांगो शकत नव्हते, ते या एका श्रोत्याने सांगितले. मग निरूपण आटोपशीर जाहले, पदे वाढली, आणि गर्दी ऐसी होऊ लागली, की सभामंडपाच्या पायऱ्यांवर माणसे बसली. आणि आरती जाहली रे जाहली, की पाळण्यातून हाक येई, मग बुवा पुन्हा एक पद घेत, मग आणखी एक, आणि तबकातील निरांजनात दुसऱ्यांदा तूप घालावे लागे. खांबापाशी पंत बसलेले असत. "एवढ्यात संपलं?" हे शब्द त्यांच्या मुखातून पुन्हा कोणी ऐकिले नाहीत.

आणि कार्तिकमासी एके सायंकाळी वैजयंतीबाईंस शाळेच्या कामाने उशीर जाहला, सोनटक्के विजेच्या खांबावर चढलेले, मग अंबिकाबाईंनी रेवाबाईसाहेबांस देवळात आणिले आणि, "धरा जरा, मी वाती करते," ऐसे म्हणोन पंतांच्या मांडीवर ठेविले. पंतांनी दोन्ही हात बाळाखाली धरिले. त्यांनी बाळाकडे पाहिले, बाळाने त्यांच्याकडे पाहिले, आता गर्जना होणार म्हणोन पंतांनी मान खाली घातली. तों बुवांनी पद धरिले. बाळाने एक जांभई दिली, पंतांची बंडी मुठीत धरिली, आणि त्या टोचणाऱ्या हातांत झोपी गेले. कथा प्रल्हादाचीच होती. हिरण्यकशिपूने कड्यावरून लोटिले, सभा श्वास धरून राहिली, बाजूच्यांनी सवयीने पंतांकडे पाहिले. पंतांचे हात पुढे गेले नाहीत. ते गुंतले होते. त्या दिवशी प्रल्हादास देवाने एकट्याने झेलिले.

येणेप्रमाणे मुलूख भरला, मिरची टळली, कीर्तन वाढले. पुढे खिडकीस सागवानी चौकट बसली, तिला पडदा नाही. धनी आणि भाडेकरू एकमेकांस आप्त मानून राहिले, आणि त्या राज्यात लस टोचणाऱ्यास पाहून एक बाळ हसते, ही मोठी घटना इतिहासात नोंदविली. अधिक लिहावे तर पलीकडे पेटीचा भाता ओढला गेला, लिहिणाऱ्यास उठणे प्राप्त. इति लेखनसीमा नव्हे, श्रवणारंभ.